रंग गावाचा, माणूस कुणाचा?

गावाकडची एखादी कादंबरी वाचून संपली की आपल्याजवळ काय उरतं? बहुतेकदा पाऊस उरतो, लाल माती उरते, भाकरीचा नाहीतर भाताच्या पेजेचा वास उरतो. चार-दोन गमतीदार शब्द उरतात. पण माणूस उरतो का? त्याचं नाव, त्याचा हट्ट, त्याची अडचण आठवते का? मी बरीच वर्षं अशी पुस्तकं वाचते आहे, आणि हळूहळू एक साधी कसोटी माझ्या हाती लागली आहे. पुस्तकातला माणूस त्याच्या गावातून उचलावा आणि दुसऱ्या गावात ठेवून बघावा. कथा जशीच्या तशी चालली, तर गाव नुसतं रंगवलेलं होतं, नाटकाच्या पडद्यासारखं. कथा अडली, पुढे सरकेना, तर समजावं की लेखकाने गाव आणि माणूस दोन्ही ओळखले होते.

प्रादेशिक साहित्य आपल्याकडे फार मानाने वाचलं जातं. पण हा प्रकार जगात कसा जन्मला, कुणी कुणासाठी लिहिला, हे बघितलं की या कसोटीचं महत्त्व जास्त कळतं. म्हणून आधी थोडं दूर जाऊ या, अमेरिकेत.

अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. १८६९ साली पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेचे रूळ यूटा प्रांतात जोडले गेले आणि एवढा मोठा देश एका रुळावर आला. देश एक झाला म्हणजे काय झालं? तर बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या शहरी वाचकाला कुतूहल वाटायला लागलं, की आपल्या या देशात दूरदूरच्या कोपऱ्यांत राहतं तरी कोण! ते कसे बोलतात, काय खातात, कशाला घाबरतात? शहरातल्या मासिकांना अशा कथा हव्या होत्या आणि त्या लिहिणारेही मिळाले. या लेखनाला तिकडे ‘स्थानिक रंग’ असं नाव पडलं. नावातच गोम आहे बघा. रंग म्हटला की तो बघणाऱ्यासाठी असतो. जो त्या गावात राहतो त्याला आपल्या गावाचा रंग वेगळा असा दिसतच नाही.

ब्रेट हार्ट हा त्यातला पहिला गाजलेला लेखक. १८६८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणीवर राहणाऱ्या रांगड्या पुरुषांची कथा लिहिली. त्यांच्या वस्तीत एक आईविना मूल येतं आणि ही दाढीवाली, शिवराळ माणसं त्याला वाढवू लागतात. कथा वाचकांना फार आवडली. मग मनाने उदार जुगारी, मनाने निर्मळ असलेली बदनाम बाई, अशी पात्रं त्याच्या लेखणीतून पुन्हा पुन्हा येऊ लागली. पुढे हार्ट अमेरिकेच्या वकिलातीच्या नोकरीवर आधी जर्मनीत, मग स्कॉटलंडला गेला आणि शेवटी १९०२ साली इंग्लंडमध्येच वारला. कॅलिफोर्निया केव्हाच मागे पडलं होतं, पण कॅलिफोर्नियाच्या कथा चालूच होत्या. साचा हाताशी असला की पाडायला वेळ लागत नाही. दिवाळीतल्या साच्याच्या मिठाईसारखं, आकार सुबक आणि चव सगळ्यांची एकच.

त्याच प्रकारात सेरा ऑर्न ज्युएट नावाची बाई होती. जन्म १८४९, मेन राज्यातल्या साउथ बर्विक गावचा. १८९६ साली तिचं एक छोटं पुस्तक आलं. समुद्रकाठच्या एका खेड्यात शहरातली एक लेखिका उन्हाळ्यापुरती राहायला येते आणि मिसेस टॉड नावाच्या बाईकडे खोली भाड्याने घेते. या मिसेस टॉड झाडपाल्याची औषधं करतात. कुठली वनस्पती कुठल्या खडकाआड उगवते, ती कधी तोडायची, कुणाला कुठला काढा द्यायचा, हे सगळं त्यांना माहीत. पुस्तकात मोठी घटना म्हणावी अशी काही नाही. पण मिसेस टॉड त्या किनाऱ्यावरून हलवा बघू! नाही हलत. त्यांची विद्या त्या जमिनीत आहे, त्यांचा मान त्या विद्येत आहे, त्यांचं दुःखही त्याच समुद्रात आहे, कारण नवरा त्याच समुद्राने नेला. ज्युएटने आणखी एक प्रामाणिकपणा केला. सांगणारी बाई पाहुणी आहे हे तिने लपवलं नाही. उन्हाळा संपतो, पाहुणी बोटीत बसून निघून जाते. गाव राहतं.

पण या स्थानिक रंगाने एक फार वाईट कामही केलं, ते विसरून चालणार नाही. दक्षिणेतला टॉमस नेल्सन पेज हा मळेवाल्या घराण्यातला लेखक. १८८४ साली त्याची एक कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात पूर्वी गुलाम असलेला एक काळा माणूस, आपल्या अडाणी बोलीत, जुन्या मालकाचे गोडवे गातो. किती चांगले होते ते दिवस, असं म्हणतो. बोली हुबेहूब, माणूस हुबेहूब, आणि बोलणं मात्र मालकाच्या मनातलं! वाचक म्हणाले, बघा, गुलामच सांगतोय, म्हणजे खरंच असणार. बोलीचा असाही उपयोग होतो. एखाद्याची भाषा अचूक उचलायची आणि तिच्यात आपलं म्हणणं भरायचं.

त्याला उत्तर आलं तेही त्याच प्रकारातून. चार्ल्स चेस्नट हा मिश्र वंशाचा लेखक नॉर्थ कॅरोलिनात वाढलेला. १८८७ साली त्याची एक कथा बोस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’त छापून आली. तिच्यातही पूर्वी गुलाम असलेला एक म्हातारा आहे, अंकल ज्यूलियस. उत्तरेकडचा एक गोरा माणूस द्राक्षाचा जुना मळा विकत घ्यायला येतो. ज्यूलियस त्याला गोष्ट सांगतो, की या वेलींवर करणी केलेली आहे, घेऊ नका. गोष्ट रंगतदार आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, भोळा म्हातारा, अंधश्रद्धाळू. नंतर कळतं की ओस पडलेल्या त्या मळ्यातल्या द्राक्षांवर ज्यूलियसची चांगली कमाई चालू होती. म्हणजे म्हातारा भोळा नव्हताच, आपलं पोट सांभाळत होता. आणि त्या करणीच्या गोष्टीच्या पोटात गुलामगिरीत माणसांचे काय हाल झाले तेही त्याने हळूच सांगून टाकलं. पेजचा म्हातारा आणि चेस्नटचा म्हातारा, दोघांची बोली साधारण एकच. एक नमुना आहे, दुसरा माणूस आहे. फरक एवढाच की दुसऱ्याला स्वतःची गरज आहे आणि ती भागवण्याची अक्कल आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी कादंबरी फार वर्षं पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत रमली. ह. ना. आपटे मोठे लेखक, पण त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतली घरं मुख्यतः तीच. शेतकऱ्याला कादंबरीत आणण्याचा पहिला प्रयत्न सत्यशोधक विचारांच्या कृष्णराव भालेकरांनी ‘बळीबा पाटील’मध्ये केला. तो काळ १८८८च्या आसपासचा. गंमत म्हणजे त्याच सुमारास आमच्या कॅसलरॉकपर्यंत मुरगावहून पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे येऊन पोचली होती. पण प्रादेशिक कादंबरीला खरा बहर आला तो स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत. कारण बघितलं तर अमेरिकेसारखंच. शिकलेली मुलं नोकरीसाठी शहरात आली, मासिकं वाढली, आणि शहरातल्या खोलीत बसून मागे राहिलेलं गाव आठवू लागलं.

श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये. ट्राम-बसच्या त्या शहरात राहून त्यांनी कोकण लिहिलं. १९५२ साली आलेला ‘गारंबीचा बापू’ घ्या. त्यात नारळी-पोफळी आहेत, खाडी आहे, सगळं आहे. पण बापू कुणामुळे बापू झाला? गावातल्या अण्णा खोतांमुळे आणि बापाच्या लाचारीमुळे. खोतीची पद्धत काढून टाका, बापूच्या बंडाला अर्थच उरत नाही. गाव इतकं लहान की राधाच्या हॉटेलात कोण किती वेळ बसलं हे संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. म्हणूनच राधेशी नातं जोडणं ही तिथे एवढी मोठी गोष्ट ठरते. मुंबईत कोण विचारलं असतं? हीच ती कसोटी.

पेंडशांची ‘रथचक्र’ १९६२ची. तिच्यातल्या नायिकेला नावच नाही, सबंध कादंबरीभर ती नुसती ‘ती’. एकत्र कुटुंबात भरडली जाणारी, मुलांना शिकवायचं या एकाच हट्टाने घराबाहेर पडणारी. मला ही कादंबरी बापूपेक्षा जवळची वाटते. बापूला गावाशी भांडायला रस्ता आहे, पार आहे, सगळं मोकळं आहे. ‘ती’ला स्वयंपाकघर आणि परसू एवढीच जागा. एकाच गावात पुरुषाचा प्रदेश केवढा आणि बाईचा केवढा, हे नकाशात दिसत नाही, कादंबरीत दिसतं.

मग १९५५ साल. या एका वर्षात दोन पुस्तकं आली, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’. एक माणदेशातल्या धनगरांची, एक कोकणातली. एकीत पाऊस पडत नाही, दुसरीत पावसाला तोटा नाही. पण दोन्हीत शेवटी गाव ओस पडतं. बनगरवाडी दुष्काळाने ओस पडते. पडघवली रिकामी होते ती माणसं मुंबईला गेल्याने, भाऊबंदकीने, हेव्यादाव्याने.

‘बनगरवाडी’ सांगतो तो बाहेरून आलेला तरुण मास्तर. औंध संस्थानातल्या शाळेवर नेमला गेलेला. धनगर त्याच्याकडे आधी संशयाने बघतात. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला सांभाळून घेतो, कधी रुसतोही. मास्तर वाडीकरांकडून तालीम बांधून घेतो, राजेसाहेब येतात, सोहळा होतो. वाटतं, आता वाडी सुधारली. आणि मग पाऊसच येत नाही. मेंढरं मरतात, माणसं पांगतात. माडगूळकरांनी कुठेही गळा काढलेला नाही. धनगराचं सगळं मेंढरांवर आणि मेंढरांचं सगळं गवतावर, एवढी एक साखळी त्यांनी नीट दाखवली. ती तुटली की तालीम काय करणार?

‘पडघवली’ सांगते ती अंबावहिनी. ती पाहुणी नाही, त्या घरात सून म्हणून आलेली आहे. झाडं, गुरं, सणवार, आले-गेले, सगळं तिच्या हाताखालून जातं. त्यामुळे तिचं सांगणं वर्णनासारखं वाटत नाही, घरकामासारखं वाटतं. ओसरीवर बसून वहिनी बोलते आहे आणि आपण ऐकतो आहोत असं होतं. ज्युएटने पाहुणीला बोलतं केलं, दांडेकरांनी घरच्या बाईला. दोन्ही प्रकार चालतात. फक्त कोण बोलतंय हे वाचकापासून लपवू नये.

आणि इथे मला शंकरराव खरात आठवतात. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, जन्म १९२७. खरात आटपाडीचेच, जन्म १९२१. एकच माणदेश, एकच औंध संस्थान, एकच दुष्काळ. पण खरातांचं घर महारवाड्यात, वडिलांकडे तराळकी. तराळकी म्हणजे गावकीचं काम. सरकारी टपाल पोचवायचं, मर्तिकाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी जायचं, बेवारशी प्रेतावर पहारा द्यायचा. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात खरातांनी सांगितलं आहे, की विहिरीतलं प्रेत काढण्यासाठी पोलिसाने त्यांच्या वडिलांना दमदाटी करून विहिरीत उतरायला लावलं. मास्तर शाळेच्या खोलीतून जे गाव बघतो त्यात ही विहीर येत नाही. मास्तर खोटं बोलतो असं नाही. तिथून ती दिसत नाही, एवढंच. गावाची हवा सगळ्यांना एक, पण पाणवठा एक नव्हता ना! मग गावाचा ‘रंग’ एक कसा असेल?

मराठी साहित्य संमेलनाने नकळत एक छान गोष्ट केली. १९८३ साली अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते आणि १९८४ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात. लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच दुष्काळी तालुक्यातले दोन लेखक. माझं तर म्हणणं आहे की माणदेश समजून घ्यायचा तर ही दोन्ही माणसं एकापाठोपाठ एक वाचावीत. एका लेखकाने एक प्रदेश पुरा होत नाही.

आम्ही कर्नाटकात राहणारी माणसं. त्यामुळे शिवराम कारंतांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांची ‘चोमन दुडी’ १९३३ची, म्हणजे बापूच्याही कितीतरी आधीची. दक्षिण कन्नडातला चोमा अस्पृश्य मजूर. त्याला एकच हवं असतं, स्वतःचा जमिनीचा तुकडा. त्याची जात तो मिळू देत नाही. दुःख झालं की तो आपलं दुडी नावाचं वाद्य बडवतो. त्या कादंबरीतही जंगल आहे, पाऊस आहे. पण लक्षात राहतो तो दुडीचा आवाज, कारण त्यामागे काय अडलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

आता हे सगळं मी कॅसलरॉकमध्ये बसून का लिहिते आहे? कारण ‘स्थानिक रंग’ हवा असणाऱ्याला आमच्यासारखं गाव सापडणार नाही! धुवांधार पाऊस, धुकं, घाटातले बोगदे, खाली दूधसागर, गोऱ्या साहेबाने ठेवलेलं नाव. पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. एखादा लेखक आला तर दोन दिवसांत दहा पानांचं निसर्गवर्णन सहज लिहील. माणसांचं काय करील?

इथली माणसं समजायला आधी इथली हद्द समजली पाहिजे. एकीकडे इंग्रजांचं राज्य, दुसरीकडे पोर्तुगीजांचं, आणि मध्ये हे स्टेशन. इथे सामानाची झडती, जकात. गाडी खाली कुळ्याला पोचली की पुन्हा परक्या राज्याची तपासणी. १९५५च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीसाठी सत्याग्रही सरहद्दीवरच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आत शिरले, त्यांत कॅसलरॉकही होतं. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी माणसं मेली. त्यानंतर गाडीची वाटच बंद पडली, ती गोवा डिसेंबर १९६१मध्ये मुक्त होईपर्यंत. ज्या वर्षी वाचक बनगरवाडी आणि पडघवली ओस पडताना वाचत होते, त्याच वर्षी या स्टेशनाची वर्दळ थांबली. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसं जागच्या जागी राहिली आणि राज्य बदललं. आमच्या तालुक्याचं जुनं ठाणं सुपे, ते तर काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कारभार जोयड्याला आला.

अशा ठिकाणच्या माणसाची बोली कोणती लिहाल? घरात कोंकणी, शाळेत कन्नड, बाजारात मराठी, रेल्वेच्या माणसाशी हिंदी. एकच बाई दिवसभरात चार भाषांतून फिरते आणि प्रत्येक भाषेत तिचा आवाज थोडा बदलतो. सरकारी माणसाशी हळू, शेजारणीशी मोकळा. तिच्या तोंडी सिनेमातली सरसकट गावरान मराठी घातली तर वाचक हसेल, पण ती बाई हरवेल. ती कुठली भाषा कुठे बोलते, आणि कुठे गप्प बसते, हेच तिचं व्यक्तिचित्रण.

आणखी एक उदाहरण देते. जोयड्याचे कुणबी कंदमुळांसाठी नावाजलेले आहेत. पावसाआधी लावायची, जपायची, थंडीत खणून काढायची, कुठला कंद उकडायचा, कुठला भाजायचा, याचं त्यांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं. आमच्या जैन घरात कंदमूळ शिजत नाही. त्यामुळे एखाद्या कुणबी बाईवर मला लिहायचं झालं, तर त्या कंदाची चव मी लिहू शकत नाही. लिहिली तर ती ऐकीव असेल. पण तिने तो किती खोल खणला, पाटीत किती भरले, किती भाव मिळाला, जंगलखात्याच्या नियमांमुळे कुठली वाट तिला बंद झाली, हे मी विचारू शकते आणि लिहू शकते. चवीचं पान तिच्या मुलीसाठी ठेवावं लागेल. आज त्या घरांतल्या मुली शाळा-कॉलेजात जातात.

प्रश्न फक्त पुस्तकाचा नाही. वाघांसाठी राखलेल्या या जंगलातून काही कुटुंबं मोबदला घेऊन बाहेर राहायला जातात. त्यांच्याविषयी अर्ज लिहिले जातात, अहवाल लिहिले जातात, आणि त्यातही ‘इथला माणूस’ नावाचं एक पात्रच असतं. कधी तो भोळा आदिवासी असतो, कधी जंगलाचा शत्रू, कधी गरीब बिचारा. पेजच्या म्हाताऱ्यासारखं त्याच्या तोंडी दुसऱ्याचंच बोलणं असतं. चांगली प्रादेशिक कादंबरी वाचलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. तो विचारतो, या माणसाला स्वतःला काय हवं आहे? त्याची द्राक्षं कुठली?

माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये एक रामा मैलकुली आहे, रस्त्याची देखभाल करणारा. आमच्या घाटात त्याचे भाऊबंद रुळांवर आहेत. भर पावसात, घोंगडं नाहीतर प्लॅस्टिक पांघरून, हातोडा घेऊन बोगद्याकडे जाणारे गँगमन. दरड कुठे सुटेल, पाणी कुठे झिरपतं, हे त्यांना मैल न्‌ मैल ठाऊक. मुरगावहून कोळसा भरून येणारी मालगाडी त्यांच्या भरवशावर घाट चढते. गाडीतले प्रवासी खिडकीतून दूधसागराचा फोटो काढतात तेव्हा तो माणूस रुळाच्या कडेला सरकून उभा असतो. बऱ्याच फोटोंत तो येतही असेल, कोपऱ्यात, धुक्यात पुसटसा. त्याला सकाळी डब्यात काय मिळालं होतं आणि त्याचं घर कुठल्या गावाला आहे, हे कुणीतरी त्याला विचारून लिहायला हवं.